तारलीची आवक, समुद्राचे तापमान आणि हजार खोट्या मालिका

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून कोकणातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि बारावीनंतर गणिताशी नाते उरले नसलेल्या माझ्यावर, पर्यावरणातील गुंतागुंतीचे संबंध शोधणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धती स्वतः शिकून प्रबंधाचे एक आख्खे प्रकरण लिहिण्याची वेळ आली. जून 2021 मध्ये पीएच.डी.ची नोंदणी झाली आणि सप्टेंबर 2025 मध्ये तोंडी परीक्षा. ज्यांच्या हाती अनेक वर्षांची निरीक्षणे आहेत, ज्यांनी सहसंबंध काढून पाहिला आहे आणि ‘काहीच निघाले नाही’ या टप्प्यावर जे अडकले आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून घडले तसे लिहीत आहे.

माझा विषय तारली आणि समुद्राचे पर्यावरण हा होता. तारली हा चंचल मासा आहे. केरळात 2012 मध्ये सुमारे 3.9 लाख टन तारली उतरली होती, आणि 2021 मध्ये तीच आवक साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. एवढ्या मोठ्या घसरणीमागे अतिमासेमारी आहे, एल निनो आहे, की पावसाळ्यात खोल समुद्रातले थंड, पोषक पाणी वर येण्याच्या क्रियेत झालेला बदल आहे, यावर बरेच लिहिले गेले आहे. तारली फार तर दोन-अडीच वर्षे जगते, पहिल्याच वर्षात अंडी घालण्याजोगी होते आणि तिची वीण पावसाळ्यात होते, त्यामुळे समुद्रातल्या बदलाचा परिणाम तिच्यावर लवकर दिसायला हवा, असे मला वाटत होते. कोकण किनाऱ्यावरील आवक आणि समुद्राचे तापमान यांचा संबंध तपासायचा, एवढेच मी संशोधन आराखड्यात लिहिले होते. ‘संबंध’ या एका शब्दाखाली पुढची चार वर्षे दडलेली आहेत, याची तेव्हा कल्पना नव्हती.

जानेवारी 2022 पासून आकडे गोळा करायला लागले. मासळीची आकडेवारी मुख्यतः दोन वाटांनी मिळते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे अंदाज नमुना पाहणीवर आधारलेले असतात, म्हणजे निवडक बंदरांवर निवडक दिवशी नोंदी करून त्यावरून संपूर्ण किनाऱ्याचा आकडा काढला जातो. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभागही आपले मत्स्योत्पादन अहवाल काढतो. राज्यपातळीवरचे वार्षिक आकडे दोन्हीकडून सहज मिळाले. मला मात्र बंदरनिहाय आणि महिनावार आकडे हवे होते, आणि ते एका कार्यालयाच्या नोंदवह्यांतच होते. तोंडी विनंतीला ‘वरून पत्र आणा’ आणि पत्राला ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ अशी उत्तरे मिळाल्यावर फेब्रुवारीत माहिती अधिकाराचा अर्ज केला. त्याला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते आणि तीस दिवसांत उत्तर येणे अपेक्षित असते. उत्तर मुदतीत आले, पण ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ एवढेच. वीस रुपयांचे तिकीट लावून प्रथम अपील केले. सुनावणीत मी संकलित माहितीचा आग्रह सोडून मूळ नोंदवह्यांची पाहणी आणि छायाप्रती मागितल्या, आणि तिथे गाडी हलली. अर्ज करणाऱ्यांनी पहिल्याच वेळी ‘अभिलेख्यांची पाहणी करून निवडक पानांच्या प्रती मिळाव्यात’ असे लिहावे. संकलन करून देणे कार्यालयावर बंधनकारक नसते, पाहणीचा हक्क मात्र कायद्यातच दिलेला आहे. प्रतींना पानामागे दोन रुपये पडले. मे महिन्याच्या उकाड्यात त्या प्रतींचे गठ्ठे घरी आले, तेव्हा आनंद झाला आणि पाठोपाठ धडकीही भरली.

नोंदी संगणकावर चढवताना सर्वांत मोठा प्रश्न गणिताचा निघाला नाही. तो शून्याचा होता. वह्यांमध्ये काही महिन्यांच्या रकान्यात शून्य होते, काहींत आडवी रेघ, तर काही कोरेच सोडलेले. बंदरावर एका वयस्क तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, ते दाखवले, तेव्हा ते हसून म्हणाले, “मॅडम, मासो गावलो नाय, काय होडीच गेली नाय, ह्यां तुमच्या कागदार कसां कळतलां?” त्या एका प्रश्नामुळे माझे पुढचे काही आठवडे त्याच वह्या पुन्हा चाळण्यात गेले. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारी बंदी असते. पूर्वी तिचा कालावधी वेगळा होता. बंदीतले शून्य म्हणजे समुद्रात मासा नाही असे नव्हे, ती गाळलेली नोंद आहे. वादळामुळे होड्या न गेलेल्या आठवड्यांचेही तसेच. शिवाय 5 फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशाने राज्यात पर्ससीन, म्हणजे माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, मासेमारीवर निर्बंध आले, म्हणजे त्यापुढची आवक घटली तर ती माशामुळे की जाळ्यामुळे, हा प्रश्न उभा राहतो. मी तीन रकाने वेगळे केले: खरे शून्य, मासेमारीच झाली नाही, आणि नोंद नाही. शेवटचे दोन कोरे ठेवले आणि त्यांत सरासरी भरण्याचा मोह टाळला. होड्यांच्या फेऱ्यांची नोंद जिथे होती तिथे आवकेला फेऱ्यांनी भागले. विश्लेषणाची कोणतीही पद्धत निवडण्याआधी हे काम करावेच लागते, आणि प्रबंधात त्याला जेमतेम अर्धे पान मिळते.

तापमानाचे आकडे त्या मानाने सुखाने मिळाले. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे दररोजचे, पाव अंशाच्या चौकटीतले सागरपृष्ठाचे तापमान सप्टेंबर 1981 पासून विनामूल्य उपलब्ध आहे. संपूर्ण जगाच्या फायली उतरवत बसू नये. संकेतस्थळावरच अक्षांश-रेखांश देऊन आपल्या किनाऱ्यापुरता तुकडा कापून घेता येतो, आणि मोबाइलच्या रोजच्या डेटात काम भागते. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अंदाज देणारे हरितद्रव्याचे उपग्रहीय आकडे 1997 पासून मिळतात, पण नेमक्या जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे तारलीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या महिन्यांत, कोकणावर ढग असतात आणि उपग्रहाला समुद्र दिसतच नाही. हरितद्रव्याचा रकाना मी शेवटी वगळला.

ऑक्टोबर 2022 मध्ये पहिले उत्तर हाती आले. वार्षिक आवक आणि वार्षिक सरासरी तापमान यांचा पिअरसन सहसंबंध, म्हणजे दोन आकडे किती एकत्र वरखाली होतात हे उणे 1 ते 1 मध्ये सांगणारा आकडा, शून्याच्या आसपास होता. संशोधन सल्लागार समितीच्या सहामाही बैठकीत एका सदस्यांनी ‘संबंध नाही असे सिद्ध झाले, हे प्रकरण काढून टाका’ असा शेरा दिला. मी खचले, हे लपवत नाही. आमच्या महाविद्यालयातल्या संख्याशास्त्राच्या सरांनी मात्र कागदावर इंग्रजी यू अक्षरासारखा एक वक्र काढला, त्यावर ठिपके मांडले आणि त्यांचा सहसंबंध काढायला सांगितला. उत्तर शून्य आले. तो आकडा फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतो, हे पुस्तकात वाचलेले होते. हाताने करून पाहिल्यावर ते पटले.

त्यांनी उलट बाजूही दाखवली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने 1926 मध्ये 1866 ते 1911 या काळातले इंग्लंडमधले मृत्युमान आणि इंग्लंडच्या चर्चमध्ये लागणाऱ्या विवाहांचे प्रमाण यांचा सहसंबंध काढला, तो 0.95 आला. दोन्ही आकडे त्या काळात हळूहळू घसरत होते, एवढेच त्यामागचे कारण. कालमालिकेत, म्हणजे काळाच्या क्रमाने घेतलेल्या आकड्यांत, या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याला चिकटलेला असतो, त्यामुळे वीस वर्षांची निरीक्षणे ही वीस स्वतंत्र निरीक्षणे नसतात आणि पी-मूल्य, म्हणजे संबंध नसताना केवळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता, फसवे निघते. म्हणजे माझ्या शून्याला जसा अर्थ नव्हता, तसा उद्या 0.9 आला असता तरी नसता.

2023 चे पहिले सहा महिने ‘गॅम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत गेले. यात संबंधाचा आकार आपण आधी ठरवत नाही, वक्र किती वळावा हे आकडेच सुचवतात आणि अति वळणांना दंड बसतो. ‘आर’ ही संगणकप्रणाली फुकट आहे आणि तिच्यातले ‘एमजीसीव्ही’ हे पॅकेज यासाठी पुरेसे आहे. आकडे थोडे असतील तर वक्राची कमाल लवचीकता ठरवणारा ‘के’ तीन-चारच्या पुढे नेऊ नये, नाहीतर प्रत्येक वर्षाला एक वळण मिळते. गुळगुळीतपणा ठरवण्याची पद्धत आपणहून ‘आरईएमएल’ अशी लिहावी, कारण मी वापरलेल्या आवृत्तीत न लिहिल्यास वेगळीच लागू होई. आणि तापमान व वर्ष हे दोन्ही घटक एकत्र घातले असतील तर ते एकमेकांची जागा घेत आहेत का, हे तपासणारी आज्ञा चालवल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये. माझ्या आकड्यांत त्याच वर्षाच्या तापमानाचा वक्र जवळजवळ सपाट होता. मागच्या दोन-अडीच वर्षांची सरासरी घेतली, तेव्हा मधल्या तापमानापर्यंत सपाट आणि उष्ण टोकाकडे खाली उतरणारा वक्र दिसू लागला. अडीच वर्षांची सरासरी मी मनाने निवडलेली नव्हती. केरळच्या आवकेवरील 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीच सर्वांत उपयोगी ठरली होती, आणि माशाच्या आयुष्याशीही ती जुळते. अनेक सरासऱ्या लावून पाहून सर्वांत चांगली ती छापणे वेगळे आणि आधी कारण सांगून एकच लावणे वेगळे. परीक्षक हे विचारतात.

अंतर-सहसंबंध ही 2007 मधली पद्धत आणि 2011 मध्ये गाजलेला ‘एमआयसी’ हा निर्देशांक, दोन्ही चालवून पाहिले. कोणत्याही आकाराचा संबंध ओळखण्याचे त्यांचे आश्वासन खरे आहे, पण मालिकेतली निरीक्षणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे दोघांच्याही नेहमीच्या चाचणीत गृहीत असते, त्यामुळे माझी मूळ अडचण तिथेही सुटली नाही. शिवाय ‘एमआयसी’ला थोड्या निरीक्षणांत अंतर-सहसंबंधापेक्षा कमी दिसते, अशी टीका संख्याशास्त्रज्ञांनीच केलेली आहे. प्रबंधात त्यांना एक परिच्छेद दिला.

ज्या पद्धतीने मला सर्वांत जास्त रडवले आणि सर्वांत जास्त शिकवले, ती म्हणजे ‘सीसीएम’ (कन्व्हर्जंट क्रॉस मॅपिंग), दोन मालिकांत कार्यकारण आहे का हे शोधणारी पद्धत. जॉर्ज सुगिहारा, रॉबर्ट मे आणि सहकाऱ्यांनी ती 2012 मध्ये मांडली, आणि त्यांच्या उदाहरणांपैकी एक कॅलिफोर्नियाच्या सार्डिनचे, म्हणजे आमच्या तारलीच्या दूरच्या भाऊबंदांचे होते. तिथे सार्डिन आणि अँकोव्ही यांची आवक अनेक दशके एक वर तर दुसरी खाली अशी जात होती आणि दोघांत स्पर्धा असावी असे मानले जाई. या पद्धतीने असे दाखवले की दोघांत थेट कार्यकारण नाही, तापमानाचा मात्र दोघांवर परिणाम आहे.

तिचे तर्कशास्त्र प्रथम उलटे वाटते. तापमानाचा तारलीवर परिणाम होत असेल, तर तारलीच्या इतिहासात तापमानाची खूण उरलेली असते. म्हणून तारलीच्या आकड्यांवरून तापमान ओळखता आले पाहिजे. आमटी चाखून तीत आमसूल पडले आहे हे सांगता येते, नुसते आमसूल चाखून ते कोणत्या आमटीत पडणार आहे हे सांगता येत नाही. शिवाय मालिकेचा जितका मोठा भाग वापरावा तितका हा अंदाज सुधारत जाऊन एका पातळीवर स्थिरावला पाहिजे. तो सुधारत नसेल तर तो नुसता सहसंबंध.

खऱ्या आकड्यांना हात लावण्याआधी मी मूळ लेखातले खेळण्यातले उदाहरण स्वतः तयार केले: दोन काल्पनिक प्रजाती, वाढीचे गुणक 3.8 आणि 3.5, आणि दोघींचा एकमेकींवर थोडासा परिणाम. आलेख काढला तर काही काळ दोघी हातात हात घालून चालतात, पुढे एक वर तर दुसरी खाली, आणि त्यानंतर काहीच संबंध दिसत नाही. समीकरणे मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच आहेत. ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे अशा आकड्यांवर पद्धत चालवून पाहणे हा माझा या सगळ्यातला सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. एक तांत्रिक सूचनाही इथेच देते. ‘सीसीएम’साठीच्या ‘आरईडीएम’ या ‘आर’मधल्या पॅकेजच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्यांच्या आज्ञा वेगळ्या आहेत. जुन्या पाठांत किती पायऱ्या मागचे आकडे घ्यायचे हे सांगणारा ‘टाऊ’ बरोबर 1 असा लिहिलेला असतो, नव्या आवृत्तीत तोच उणे 1 आहे. त्यामुळे इंटरनेटवरचा जुना आज्ञांचा संच जसाच्या तसा चिकटवला तर तो चालत नाही, किंवा चालून भलतेच उत्तर देतो. आपण कोणती आवृत्ती वापरली ते पहिल्याच ओळीत लिहून ठेवावे.

कोकणाची वार्षिक मालिका या पद्धतीला फारच आखूड पडली. तीस-चाळीस सलग निरीक्षणांच्या खाली तिच्याकडून काही अपेक्षा करू नये. म्हणून केरळची प्रसिद्ध झालेली त्रैमासिक आवक घेतली. डिसेंबर 2023 मध्ये पडद्यावर जो आलेख उमटला तो पाहून मी रात्री अकरा वाजता मार्गदर्शक मॅडमना संदेश पाठवला. मालिकेची लांबी वाढेल तसा अंदाज सुंदर चढत होता आणि स्थिरावत होता. मॅडमचे उत्तर सकाळी आले: “छान. आता हेच खोट्या तारलीवर करून दाखव.”

खोटी तारली म्हणजे अशी कृत्रिम मालिका, जिच्यात खऱ्या मालिकेचे ऋतुमान आहे पण तापमानाशी कोणताही खास संबंध नाही. आवक आणि तापमान दोन्ही दरवर्षी पावसाळ्याच्या तालावर वरखाली होतात, त्यामुळे एकीवरून दुसरी ओळखता येणे हे केवळ महिना ओळखल्यासारखे असू शकते. आकडे नुसते पिसून काढले तर ऋतूच नष्ट होतो, आणि तशा मालिकेपुढे कोणताही संबंध ठळक ठरतो. म्हणून प्रत्येक तिमाहीची सरासरी काढायची, सरासरीपासूनचे फरक तेवढे आपसांत बदलायचे आणि ते पुन्हा त्या सरासरीवर चढवायचे. अशा हजार मालिका तयार करून प्रत्येकीवर तीच पद्धत चालवायची आणि खऱ्या तारलीचा आकडा त्या गर्दीत कुठे बसतो ते पाहायचे.

माझा जुना लॅपटॉप हे काम रात्रभर करी. आठ जीबीची रॅम वाढवायला अडीच हजार रुपये लागले. वीज कधीही जाणार हे गृहीत धरून दर शंभर मालिकांनंतर निकाल फाइलमध्ये लिहिला जाईल अशी ओळ घातली, आणि त्या एका ओळीने अनेकदा वाचवले. निकाल असा होता: खऱ्या तारलीचा आकडा खोट्या तारल्यांच्या गर्दीत जवळजवळ मधोमध. तो सुंदर चढता आलेख मुख्यतः पावसाळ्याचा होता.

निराशा झाली का, तर झाली. पण विचार केल्यावर असे वाटले की हे उत्तर पहिल्या शून्यापेक्षा फार वेगळे आहे. पहिल्या वेळी पद्धतीला दिसत नव्हते. या वेळी काय दिसते आहे, त्यातले ऋतूचे किती आणि त्यापलीकडचे किती, हे सांगता येत होते: तिमाहीच्या पातळीवर तापमान हे कारण आहे असा दावा या आकड्यांवरून करता येत नाही, अडीच वर्षांच्या सरासरीचा गॅममधला वक्र मात्र, फेऱ्यांचा हिशेब धरूनही, टिकतो. प्रकरण मी याच भाषेत लिहिले. सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत खोट्या मालिकांचा आलेख एकदा समजल्यावर कोणीही प्रकरण काढायला सांगितले नाही.

मार्च 2024 मध्ये लेख नियतकालिकाला पाठवला. माझी नोंदणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या पीएच.डी. नियमावलीखालची असल्याने प्रबंधाआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे आणि दोन परिषदांत सादरीकरण करणे बंधनकारक होते. 7 नोव्हेंबर 2022 च्या नव्या नियमावलीने ही सक्ती काढली आहे, पण आधी नोंदणी झालेल्यांना जुनेच नियम लागू राहतात, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे. समीक्षकांचे अभिप्राय यायला पाच महिने लागले. त्यांतला सर्वांत कडक प्रश्न ऋतुमानाचाच होता, आणि त्याचे उत्तर तयार होते. मुक्त प्रवेशाचे शुल्क परवडणारे नव्हते, म्हणून वर्गणीदारांसाठीच्या विभागात लेख दिला. तिथे लेखकाला पैसे पडत नाहीत. जानेवारी 2025 मध्ये तो स्वीकारला गेला.

पुढचा भाग कागदपत्रांचा. सारांश सादर करणे, वाङ्मयचौर्य तपासणी, ग्रंथपालांचे प्रमाणपत्र, शुल्काची पावती, आणि मग बांधलेल्या प्रती. साम्याची मर्यादा दहा टक्के असते, आणि पद्धतींच्या प्रकरणात ठरावीक वाक्ये असल्यामुळे तेच प्रकरण सर्वांत लाल होते. ते आधी स्वतंत्रपणे तपासून घेतले तर शेवटच्या आठवड्यातली धावपळ टळते. आलेख रंगीत छापायचे असतील तर तेवढीच पाने रंगीत काढावीत, खर्च निम्म्याहून खाली येतो.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरळ विचारले, “मग तापमानामुळे तारली घटते की नाही?” मी तीन वाक्यांत वर लिहिलेलेच सांगितले आणि बंदीच्या महिन्यांच्या रकान्यांचा तक्ता उघडून दाखवला. त्यानंतरचे बहुतेक प्रश्न त्या तक्त्यावरच आले.

प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवण्यासाठीची सीडी आणि संमतीपत्र त्याच दिवशी दिले. विद्यापीठाची अधिसूचना महिन्याभरात निघाली. सेवापुस्तकातल्या नोंदीसाठी आमच्या महाविद्यालयाने हीच अधिसूचना ग्राह्य धरली, पदवीदान समारंभापर्यंत थांबावे लागले नाही. तिच्या चार-पाच साक्षांकित प्रती लगेच काढून ठेवाव्यात, कारण प्रत्येक टेबलावर एक प्रत लागते.